गोल ओव्हनमधली पोपटी

सुमनवहिनींनी मला एकदा साडेतीन तास घरात कोंडून ठेवलं होतं. चुकून. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, आणि सुरुवातीला मीही त्यांच्याबरोबर हसते. मग त्या दिवसाचं पुढचं आठवतं आणि विषय बदलावा लागतो.

रोह्याच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा धाटावच्या रस्त्याला एका तीनमजली इमारतीत मला सगळ्यात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. नव्वद सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. शेजारच्या बिऱ्हाडात म्हात्रे राहायचे. म्हात्रे धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. कधी पहिली शिफ्ट, कधी रात्रपाळी, आणि महिन्यातून बरेचदा डबल ड्युटी. त्यामुळे ते मला दिसायचे ते बहुतेक वेळा जिना चढताना, पेंगत. त्यांची बायको म्हणजे सुमनवहिनी. आणि आतल्या खोलीत खाटेवर वहिनींच्या सासूबाई. अर्धांगाने एक बाजू गेलेली, जीभ जड झालेली, पण कान शाबूत.

मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडं कोंबडी म्हणजे रस्सा. तर्री आली नाही तर पाहुणे बायकोला नाही, नवऱ्याला नावं ठेवतात. त्यामुळे राहायला आल्यावर पहिल्याच थंडीत एका रविवारी शेजारून ओव्याचा आणि कसल्याशा रानटी पाल्याचा वास यायला लागला, तेव्हा मला वाटलं कुणी काढा उकळतंय. मग त्यात कोंबडीचा वास मिसळला. काही जळतंय की काय म्हणून मी दार वाजवलं.

दार उघडंच होतं. वहिनी जमिनीवर एका गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनसमोर मांडी घालून बसल्या होत्या. त्या काळी घरोघर केक करायला असायचा तोच, झाकणाला मधोमध काच असलेला. पण काचेवर त्यांनी घडी केलेलं फडकं टाकलं होतं.

"बसा बाई," त्या म्हणाल्या. जशी काही मी रोज येत होते. "उघडायला अजून वीस मिनटं हायत."

"फडकं कशाला? काचेतून दिसेल की शिजलं का ते."

"पोपटी बघायची नसते," त्या म्हणाल्या. "कोंडायची आणि गप बसायचं."

पोपटी ही काय चीज आहे ते मला त्या वीस मिनिटांत कळलं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतात, बांधावर करतात. मातीच्या मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा. त्यात शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर जाडं मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पुन्हा पाल्यानं तोंड गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजलं की झाली. मधे उघडली तर वाफ जाते आणि सगळंच कच्चं राहतं, मग पुन्हा कितीही जाळ केला तरी उपयोग नाही. वहिनींचं माहेर पेणच्या खाडीकडच्या एका गावात, मिठागरावर काम करणाऱ्यांचं घर. त्यांचे वडील दर थंडीला मिठागराच्या बांधावर पोपटी लावायचे आणि सगळा गोतावळा तिथं भाकऱ्या घेऊन जमायचा.

"मी गेले त्याला पाच वर्सं झाली," वहिनी म्हणाल्या. "आत्या पडल्या तवापासून जमलं नाय. मग म्हटलं, हिकडंच करू."

आत्या म्हणजे सासूबाई. ओव्हन म्हात्र्यांना कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात घोषवाक्याबद्दल बक्षीस मिळाला होता. इतर बायकांनी त्यात नानकटाई केली. वहिनींनी पहिल्याच दिवशी त्याच्या तळाला पाला अंथरला. पाला आणि शेंगा म्हात्र्यांचे थोरले भाऊ गडबहून धाडायचे. त्यांची तिथं शेती. कुणीतरी कामगार स्कूटरवरून कंपनीत येताना गाठोडं आणायचा आणि इमारतीखाली उभा राहून हाक मारायचा. मग वहिनी गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. दूध, भाजी, पाव, मीठ, सगळं त्या टोपलीतूनच वर यायचं. सहा महिन्यांत मी त्यांना जिना उतरताना चार-पाच वेळा पाहिलं असेल.

पोपटी उघडल्यावर त्यांनी मला ताटात वाढली आणि स्वतः एका खोल वाडग्यात घेतली. तळाला भात, त्यावर सोललेल्या शेंगांचे दाणे, बटाट्याचे तुकडे, अंडं, कोंबडी, सगळं एकावर एक. डाव्या हातात वाडगा धरून त्या आत गेल्या आणि खाटेशेजारी उभं राहून एक घास सासूला, एक स्वतःला, असं खायला लागल्या. नंतर कळलं की त्या रोजच अशा जेवायच्या. ताट मांडून बसल्या की नेमकी आतून हाक यायची, म्हणून त्यांनी ताटाचाच नाद सोडला होता. रस्सा नसलेली ती कोंबडी मात्र मी हाडापर्यंत खाल्ली, आणि हे साताऱ्याला कधी कळू दिलं नाही.

हाकेबद्दल सांगायला हवं. सासूबाईंना फार बोलता येत नसे. एक शब्द मात्र त्या स्वच्छ बोलायच्या.

"हाय?" आतून यायचं.

"हाय," वहिनी जिथं असतील तिथून म्हणायच्या.

बस, एवढंच. आहेस का, तर आहे. दिवसातून किती वेळा, ते मोजण्यात अर्थ नव्हता. भिंतीपलीकडं मी वह्या तपासत बसलेली असे आणि तो सवालजवाब चालू असे. उत्तर यायला उशीर झाला की खाटेच्या दांड्यावर स्टीलचा पेला आपटला जायचा. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ वहिनी बाहेर राहू शकत नसत. तेवढ्यात जायचं तर बाहेरून कुलूप लावून जायच्या, कारण एकदा दार उघडं राहिलं तेव्हा कुत्रं आत शिरलं होतं आणि म्हातारी ओरडूही शकली नव्हती. कुलूप लावायचं, किल्ली कमरेला खोचायची, पळत जायचं, पळत यायचं.

म्हात्रे वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. सुट्टीच्या दिवशी ते आईचे पाय चेपत बसायचे. पण भांडं द्यायचं, लुगडं बदलायचं, तिथं म्हातारी मुलाला जवळ येऊ देत नसे. पेला फेकून मारायची. गडबच्या जावेला विचारलं तर तिच्याकडं भात लावणी असायची, नाहीतर कापणी, नाहीतर वाल. शेतीला बारा महिने काम असतं हे मला तिच्यामुळं कळलं.

तरी वहिनी रडूबाई अजिबात नव्हत्या. मिठाबद्दल तर त्यांचा गर्व ऐकण्यासारखा असे. पिशवीतलं बारीक मीठ त्यांनी घरात येऊ दिलं नाही. वडील गोणीतून जाडं मीठ पाठवायचे. ते चिमटीत धरून त्या सांगायच्या की हे यंदा लवकर ओढलंय, ह्याला ऊन कमी लागलंय. मी एकदा म्हटलं, मीठ ते मीठ. त्यांनी माझ्याकडं, वर्गात ढ मुलाकडं मी बघते, तसं बघितलं. एका रविवारी पोपटी अर्धी झाली असताना वीज गेली. मला वाटलं, गेलं आता सगळं. वहिनींनी शांतपणे गोधडी आणली आणि ओव्हनला गुंडाळली, बाळंतिणीच्या मुलाला गुंडाळतात तशी. दोन तासांनी वीज आली. मी म्हणाले, "एकदा बघू तरी." त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"उघडली की संपलं, बाई. आतल्या आत धीर धरायला पायजे."

त्या दिवशीची पोपटी सगळ्यात चांगली झाली होती.

दुसऱ्या वर्षी थंडीत वहिनींच्या वडिलांचं पत्र आलं. भाच्याच्या अक्षरात होतं. वाचायला माझ्याकडं दिलं, कारण वहिनींना वाचता येत असलं तरी वडिलांची पत्रं त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडायची. गुडघे फार दुखतात, आता दोन जिने चढवणार नाहीत, नाहीतर मीच आलो असतो. शेंगा संपत आल्या. ह्या वर्षी तू येऊन जा, पोपटी तुझ्या हातानं लावू, पुढल्या वर्षी मी बांधावर उतरेन असं वाटत नाही. असं साधंच पत्र.

"मी बसते," मी म्हणाले. "येत्या रविवारी. सकाळी जा, संध्याकाळी या."

त्यांनी तीन दिवस नाही म्हटलं. चौथ्या दिवशी मला शिकवायला घेतलं. भांडं कसं द्यायचं, कूस कुठल्या हाताला वळवायची, पेज किती पातळ. सासूबाई गप्प पडून माझी परीक्षा बघत होत्या. वडिलांना उलट टपाली पत्र गेलं: साडेआठच्या गाडीनं निघते, पेणला रामवाडीच्या स्टँडवर भावाला पाठवा.

रविवारी म्हात्रे डबल ड्युटीवर होते. वहिनींनी जांभळी साडी नेसली. त्यांना मी त्याआधी घरातल्या गाऊनवर टॉवेल टाकूनच पाहिलेलं होतं. पिशवीत वडिलांसाठी खोबऱ्याच्या वड्या. दोनदा निघाल्या, दोनदा आत जाऊन आल्या.

"आत्या, सांच्याला येते."

वहिनी गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या, मग रस्त्यावर. मला स्वतःचाच अभिमान वाटला. एखादं चांगलं काम केलं की मला तो लगेच वाटतो.

थोड्या वेळानं आतून आलं, "हाय?"

"हाय," मी म्हणाले.

"तू नाय."

आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. पेज घेतली नाही. पाणी घेतलं नाही. माझ्या वह्या शेजारी माझ्या खोलीत राहिल्या होत्या, त्या आणायला म्हणून मी उठले, आणि दार ओढलं तर उघडेना. बाहेरून कुलूप होतं.

मी आधी खदखदून हसले. वहिनींची सहा वर्षांची सवय. हाताला काय माहीत की आज आत माणूस आहे. गॅलरीतून हाक मारून कुणाला तरी कुलूप तोडायला सांगता आलं असतं, पण कशाला? मला संध्याकाळपर्यंत तिथंच बसायचं होतं. असं म्हणून मी खाली बसले. आणि मग मला तहान लागली. पाणी प्यायले. मग भूक. मग वाटलं, गॅसचा वास येतोय का? येत नव्हता. गॅलरीत गेले, टोपलीची दोरी हाताला लागली, परत आत आले. दोन खोल्या आणि एक मोरी, पावलं मोजून झाली. धाटावकडचा वारा फिरला आणि कंपनीचा तो आंबट वास घरात आला, खिडकी लावली, तर कोंदट व्हायला लागलं, पुन्हा उघडली. कुठं जायचं नव्हतं, तरी जाता येत नाही ही गोष्ट मनातून जाईना. मला अर्ध्या दिवसाचंसुद्धा नीट सोसवत नव्हतं, याची मला खरंच लाज वाटली.

मधेच सासूबाई बोलल्या. प्रत्येक शब्द ओढून.

"ती... आली नाय तर?"

"येतील हो. संध्याकाळी येतील."

"मी... आले नसते," म्हातारी म्हणाली.

त्यानंतर मी त्यांचा हात धरून बसले आणि त्यांनी धरू दिला.

बाराच्या सुमाराला जिन्यावर पळत येणारी पावलं ऐकू आली. कुलूप खडखडलं. दारात सुमनवहिनी. साडी घामानं चिकटलेली, केस सुटलेले, वड्यांची पिशवी तशीच हातात.

"बाई, मी तुमाला कोंडून गेले," त्या म्हणाल्या आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

गाडी गडबजवळ आली तेव्हा पदर खोचायला कमरेला हात गेला आणि किल्ली हाताला लागली. त्या तशाच उठल्या, कंडक्टरला घंटी मारायला लावली आणि गडबला उतरल्या. सासरचंच गाव. कुणी ओळखीनं पाहू नये म्हणून डोक्यावर पदर ओढून रस्त्याच्या पलीकडं उभ्या राहिल्या, रोह्याकडं येणाऱ्या गाडीची वाट बघत. पाऊण तास. पेण तिथून अर्ध्या तासावर होतं.

"आत आग लागली असती तर? आत्यांना काय झालं असतं तर? तुमाला दार उघडता आलं नसतं."

"अहो, पण मी कुठं जाणार होते?" मी म्हणाले. "मला संध्याकाळपर्यंत इथंच बसायचं होतं ना वहिनी. तुम्ही पुढं जायचंत. चाललं असतं."

हे मी बोलायला नको होतं. हुशारी दाखवायची माझी खोड. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ते माझ्या ध्यानातच नाय आलं."

आतून आवाज आला, "हाय?"

"हाय," वहिनी म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसून आत गेल्या.

मी खूप म्हटलं, दुपारची गाडी आहे, आत्ता निघा. त्यांनी जांभळी साडी बदलली होती. पुढच्या आठवड्यात भाच्याच्या अक्षरातलं पत्र आलं. भाऊ जाणार होता, पण वडील स्वतःच हट्टानं त्याच्या स्कूटरवर बसून रामवाडीला आले होते. चार गाड्या बघितल्या आणि मग घरी गेले. पोपटी त्या दिवशी लावली नाही. हे पत्र मी वाचून दाखवलं, आणि वाचताना एक ओळ गाळली. कुठली ते आता सांगत नाही.

वहिनींनी त्यानंतर एक गोष्ट केली. इमारतीतल्या पोरांकडून कुलूपवाल्याला बोलावलं आणि दुसरी किल्ली करून घेतली. ती माझ्या हातात ठेवली.

"आता कोंडलं तरी तुमच्याकडं हाय. पुढल्या थंडीला जाईन."

पुढल्या थंडीच्या आधीच माझी बदली झाली, आणि ती नेमकी पेणला. निघताना मी किल्ली परत द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही. "पेणहून रोहा काय लांब हाय? एखाद्या रविवारी या." मी म्हणाले, नक्की येईन. आणि मला तसंच वाटतही होतं.

त्या थंडीत मी गेले नाही. रामवाडीजवळच खोली घेतली होती, स्टँड खिडकीतून दिसायचा, रोह्याची गाडी लागलेली दिसायची. एका रविवारी शाळेची तपासणी, एका रविवारी सर्दी, एका रविवारी नुसताच आळस. कारणं खरी होती. पण खरं कारण हे होतं की त्या दोन खोल्यांत पुन्हा दिवसभर बसायची मला भीती वाटत होती. एकदा सोसलं होतं, ते मला पुरलं होतं. शेंगांचा हंगाम संपला तेव्हा मला चक्क हायसं वाटलं, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

त्याच्या पुढच्या थंडीत मात्र गेले. जानेवारी संपता संपता, सकाळच्या पहिल्या गाडीनं, पर्समध्ये किल्ली घेऊन. वहिनींना दारातच सांगायचं ठरवलं होतं की साडी बदला, साडेआठची गाडी मिळते.

दार उघडंच होतं. तोच ओव्याचा आणि पाल्याचा वास. वहिनी ओव्हनसमोर बसलेल्या. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. मी किल्ली दाखवली तर हसल्या.

"अजून हाय तुमच्याकडं?"

"आज जायचं," मी म्हणाले. "उठा."

त्यांनी काचेवरचं फडकं नीट केलं. "बाबा मार्गशीर्षात गेले, बाई."

मला बसायला जागा सापडेना. मग तिथंच जमिनीवर बसले.

"गेले होते मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जाऊ आली बसायला. मयताला येतात सगळी. पण पोचेस्तवर उचललं होतं."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. उलट मीच सुरुवात केली, मी यायला हवं होतं, मागच्या थंडीत मी, आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं. आतून "हाय?" आलं, त्यांनी "हाय" म्हटलं.

"बाई, बसता का जरा हितं?" वहिनी एकदम म्हणाल्या. "वीस मिनटं हायत अजून."

"कुठं चाललात?"

"कुठं नाय. खाली."

चपला घातल्या. पदर खोचला. दाराशी गेल्यावर त्यांचा हात आपोआप कडीवरच्या कुलपाकडं गेला. तो त्यांनी मागं घेतला, दार सताड उघडं ठेवलं आणि म्हणाल्या, "मी येस्तवर उघडू नका हां."

मी गॅलरीत गेले. त्या इमारतीतून बाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या राहिल्या. काही आणायचं नव्हतं, कुठं पोचायचं नव्हतं. पहिल्यांदा एका बाजूला चार पावलं गेल्या, स्टँडच्या दिशेनं. थांबल्या. मग वळून वर बघितलं. गॅलरी, दोरी, टोपली. खालून ते सगळं कसं दिसतं हे त्यांनी इतक्या वर्षांत बहुधा निवांतपणे पाहिलंच नव्हतं. मी हात हलवला. त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता, त्यांना मी दिसले की नाही कळलं नाही.

आतून हाक आली, "हाय?"

"हाय," मी म्हणाले. हळूच म्हणाले, खोलीपुरतं.

खाली त्यांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मधे दोन मजले होते, रस्त्यावरून शिफ्टची बस चालली होती. तरी त्याच क्षणी सुमनवहिनींचा हात डोळ्यांवरून खाली आला. त्यांचे ओठ हलले, आणि त्या जिन्याकडं चालायला लागल्या.